कापडाचे दात

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यानं पाहिला आहे त्याला माहीत असतं की बैलाचा सौदा वजनावर होत नाही. जनावर कितीही भरलेलं दिसो, घेणारा आधी त्याचा ओठ वर करतो आणि दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. या शब्दांत जनावराचं वय येतं आणि वयातून त्याच्या अंगात अजून किती काम शिल्लक आहे ते कळतं. पण हाच शेतकरी कलिंगडाच्या किंवा डाळिंबाच्या हंगामात क्रॉप कव्हर घ्यायला कृषी सेवा केंद्रात जातो तेव्हा एकच प्रश्न विचारतो, सतरा जीएसएम आहे का? आणि दुकानदार एकच उत्तर देतो, आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे जो माणूस बैल वजनावर घेणार नाही, तो बैलाच्या मेहनतीनं उभं राहिलेलं पीक झाकायचं कापड मात्र फक्त वजनावर घेतो. यात दोष त्याचा नाही. कापडाला दात असतात हे त्याला आम्ही, म्हणजे हे कापड बनवणाऱ्यांनी, कधी सांगितलेलंच नाही. शेतातलं न विणलेलं कापड वजनावर विकणं चुकीचं आहे, ते उन्हाच्या दिवसांवर विकलं पाहिजे, एवढंच मला इथं म्हणायचं आहे. या कामात राहिलेल्या माणसाला हे फार उघड दिसतं, पण कारखान्याच्या दाराबाहेर ते येत नाही.

वजनाचं माप चुकीचं का, हे समजायला कापड बनतं कसं ते बघावं लागेल. नॉन वोव्हन या नावाप्रमाणे यात ताणा नाही, बाणा नाही, माग नाही. लोकर दाबून केलेला नमदा हेही न विणलेलंच कापड, पण शेतातलं आच्छादन त्या जातीचं नव्हे. याला स्पनबॉण्ड म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचा साबुदाण्यासारखा दाणा हॉपरमध्ये पडतो, तिथून एक्स्ट्रूडरच्या लांब नळीत जातो आणि फिरत्या स्क्रूनं पुढं ढकलला जात दोनशेवीस-दोनशेचाळीस अंश सेल्सियसला मधासारखा वितळतो. जाळीतून गाळून तो मोजणाऱ्या पंपाकडे येतो आणि पंप त्याला डायमध्ये सोडतो. डायच्या तळाशी स्पिनरेट नावाची पोलादी पाटी असते. तिला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची हजारो भोकं असतात. सोऱ्यातून शेव पडावी तसे त्यातून वितळलेले धागे खाली येतात. त्यांच्यावर लगेच थंड हवेचा झोत येतो आणि हवेच्याच जोरानं ते खाली ओढले जातात, इतक्या वेगानं की अर्ध्या मिलिमीटरची धार पंधरा-वीस मायक्रॉनची होते. ही ओढ महत्त्वाची असते, कारण ओढल्यानंच आतल्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेला लागतात आणि धाग्याला ताकद येते. खाली जाळीचा पट्टा सरकत असतो आणि त्याच्या खालून हवा शोषली जात असते, त्यामुळे धागे त्यावर वेडेवाकडे पसरून चिकटून बसतात. या टप्प्यावर ते कापड नसतं, कोळ्याच्या जाळ्यासारखा हलका थर असतो. तो दोन तापलेल्या रुळांमधून जातो, म्हणजे कॅलेंडरमधून. वरच्या रुळावर बारीक उठाव असतात, आणि जिथं उठाव दाबतो तिथंच धागे एकमेकांत वितळून जुळतात. क्रॉप कव्हर उजेडात धरलं की जे ठिपके ओळीनं दिसतात ती नक्षी नसते, ते कापडाचे टाके असतात. रूळ गरजेपेक्षा गार असले तर टाके कच्चे राहतात आणि कापडावर लव सुटते. जास्त तापले तर कापड ताठर होतं आणि ठिपक्याच्या कडेनं कागदासारखं फाटतं. पॉलिप्रॉपिलीन एकशेसाठ-पासष्ट अंशांना वितळतं आणि कॅलेंडर त्याच्या थोडं खाली चालवायचं असतं. चांगला ऑपरेटर मीटर तर बघतोच, पण पट्टी फाडून तिच्या आवाजावरूनही हे ओळखतो.

आता या सगळ्यात जीएसएम कुठं ठरतं? पंप मिनिटाला किती माल सोडतो आणि पट्टा किती वेगानं सरकतो, एवढ्या दोनच गोष्टींत. पंप तोच ठेवून पट्टा जोरात पळवला की कापड पातळ, हळू केला की जाड. पॅनेलवरचं एक बटण फिरवलं की सतराचं पंचवीस होतं. आणि आयुष्य कुठं ठरतं? ते अगदी सुरुवातीला, हॉपरजवळ, दाण्यात मिसळायच्या मास्टरबॅचच्या छोट्या डोसिंग यंत्रात. तिथं उन्हापासून वाचवणारं रसायन मास्टरबॅचमधून दाण्यात पडतं किंवा पडत नाही. पडलं काय, न पडलं काय, कापड बाहेर येतं ते तेवढंच पांढरं, तेवढंच मऊ आणि तेवढ्याच वजनाचं. डोळ्याला, हाताला, काट्याला कशालाच फरक कळत नाही. पिशवीसाठी काढलेलं, उन्हाचं रसायन नसलेलं कापड क्रॉप कव्हर म्हणून विकलं तर पहिले काही आठवडे कोणालाही शंका येणार नाही. २०२० साली पीपीई किट आणि मास्कसाठी या कापडाची मागणी उसळली होती. तेव्हा सावलीत, एकदाच वापरायचं कापड ज्या यंत्रांवर निघालं, तशाच यंत्रांवर शेताचं कापडही निघतं. फरक असतो तो फक्त हॉपरजवळ.

ऊन पॉलिप्रॉपिलीनला काय करतं हे थोडं खोलात सांगितलं पाहिजे. या पॉलिमरच्या साखळीत प्रत्येक दुसऱ्या कार्बनवर एक दुबळा दुवा असतो. अतिनील किरणांनी तो सुटला की तिथं प्राणवायू येऊन बसतो आणि साखळी मधेच तुटते. तुटलेलं टोक पुढचा दुवा तोडतं आणि हे असं चालूच राहतं. हाल्स नावानं ओळखलं जाणारं प्रकाशरोधक रसायन ही सुटी टोकं पकडून शांत करतं, आणि त्या कामात स्वतः खर्ची न पडता पुन्हा पुन्हा कामाला येतं. म्हणूनच त्याचं प्रमाण थोडं असलं तरी चालतं. प्लास्टिकचा क्रेट दोन-चार वर्षं उन्हात टिकतो याचं एक कारण असंही आहे की ऊन त्याचा वरचा थर खातं तेव्हा आतला थर शाबूत असतो. आपल्या धाग्याला आत असं काही नसतंच. केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी त्याची जाडी. १८ मायक्रॉनचा धागा धरून हिशेब केला तर १७ जीएसएमच्या एका चौरस मीटर कापडात सुमारे ७३ किलोमीटर धागा असतो, म्हणजे काष्टीहून नगर गाठावं जवळजवळ एवढा. तेवढ्या लांब धाग्याला ऊन सगळीकडून लागतं. त्याला रसायनाचं संरक्षण नसेल तर वजनाचा काही उपयोग नाही.

शेतातला हिशेब यावर ठेवून बघू. काष्टीच्या आसपास, भीमा-घोडच्या पट्ट्यात, कुकडीच्या पाण्यावर, ऊस आणि कांद्याच्या जोडीला लिंबू, डाळिंब, कलिंगड, खरबूज अशी पिकं आहेत. कलिंगडाच्या दोन बेडमध्ये दोन मीटर अंतर धरलं तर एकरात साधारण दोन हजार मीटर लांबीचे बेड होतात. दीड-एक मीटर पन्ह्याचे, चारशे मीटरचे पाच रोल लागतात. १.६ मीटर पन्हा आणि १७ जीएसएम धरलं तर एक रोल भरतो १०.८८ किलो, आणि एकराचं कापड होतं ५४ किलोच्या आसपास. मास्टरबॅच दोन टक्के टाकायचं ठरवलं तर ते एकराला जेमतेम किलोभर लागतं. हा एक किलो दाण्याच्या मानानं कितीतरी महाग असतो, म्हणून वाचवायचं झालं की पहिला डोळा त्यावरच जातो. ५४ किलो कापड किती दिवस जगणार हे हा एक किलो ठरवतो, पण पावतीवर त्याचा उल्लेखही नसतो.

शिवाय एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या या कापडाची दोन पिकांतली कामं अगदी वेगळी आहेत. कलिंगडावर ते तारेच्या किंवा बांबूच्या कमानींवर, लावणीपासून तीन-चार आठवडे राहतं. थंडीच्या रात्री रोपाला ऊब देतं, पांढरी माशी, मावा, नागअळी यांना बाहेर ठेवतं, त्यामुळे माशी-माव्यानं आणलेले विषाणूही बाहेर राहतात. फुलं आली की ते काढावंच लागतं, कारण कलिंगडाचं फळ मधमाशीशिवाय धरत नाही. डाळिंबाच्या आंबे बहारात मात्र फळ वाढतं तेच मार्च ते मेच्या उन्हात. तिथं कापड झाडावर महिनोन् महिने असतं, फळाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून. वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात उभं राहणं हेच त्याचं काम. पहिल्या कापडाला महिन्याभराचं आयुष्य पुरतं, दुसऱ्याला एकाच हंगामात शंभरावर दिवस लागतात. तरी दुकानात दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो आणि एकच उत्तर मिळतं.

यावर शेतकऱ्यानं स्वतःच काढलेला तोडगा म्हणजे जाड घेणं. सतरा टिकत नाही तर पंचवीस घ्या. हे पूर्ण चूक नाही, वाऱ्यात जाड कापड कमी फाटतं. पण जाडी वाढली की उजेड कमी पोचतो, कोवळ्या रोपावर ओझं येतं, आणि मुख्य म्हणजे रसायनाशिवायचं पंचवीस जीएसएम हेही थोड्याच फरकानं सतराच्या मागोमाग जातं. त्यातून वजन हे फसवायला सगळ्यात सोपं माप आहे. दाण्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, मिसळला की वजन वाढतं, धाग्याची ताकद वाढत नाही. सरासरी सतरा असणारं कापड एका जागी तेरा आणि दुसऱ्या जागी एकवीस असू शकतं, आणि फाटतं ते तेराच्या जागीच. रोल काट्यावर ठेवला तर यातलं काहीच दिसत नाही. उलट, कापडाचा तुकडा सुरक्षित जागी पत्र्यावर जाळून बघितला तर निदान खडू तरी उघडा पडतो. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन मेणासारखं जळतं आणि मागं राख जवळजवळ ठेवत नाही, पांढरी राख उरली तर ती भर घातल्याची खूण. उजेडात धरून ढगासारखे दाट-विरळ पट्टे बघता येतात. पण उन्हाचं रसायन ओळखायची गावात करता येईल अशी एकही खूण नाही. हा दात तोंड उघडूनही दिसत नाही, तो बनवणाऱ्यानंच सांगावा लागतो.

जीएसएमची सवय लागली कशी, याचा विचार केला तर त्यात कायद्याचाही वाटा दिसतो. २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेनं प्लास्टिकबरोबर नॉन वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांवर बंदी आणली, तेव्हा सामान्य माणसाच्या कानावर नॉन वोव्हन हा शब्द पहिल्यांदा पडला, तोही बंदीचा शब्द म्हणून. पुढं केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून अशा हातपिशवीला किमान ६० जीएसएमची अट घातली. पिशवीसाठी हे माप योग्यच आहे. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते, गोळा करता येते, वाऱ्यावर उडून गटारात जात नाही. पण पिशवी घरात असते आणि क्रॉप कव्हर उन्हात. पिशवीचं माप शेतात आणून आपण कापडाच्या शत्रूचाच विसर पाडला.

आता यावर घेतले जाणारे आक्षेप. पहिला आक्षेप विक्रेत्यांचा. शेतकरी किंमत बघतो, महाग कापड उचलत नाही. मला हे खरं वाटत नाही. शेतकरी किंमत बघतो कारण त्याच्यापुढं दुसरा आकडाच ठेवलेला नसतो. दोन रोल सारखेच दिसतात, सारख्याच वजनाचे आहेत, मग स्वस्त घेणं हाच शहाणपणा. त्यातल्या एकावर ‘तीस दिवस’ आणि दुसऱ्यावर ‘एकशेवीस दिवस’ लिहिलं असतं तर त्यानं किमतीला दिवसांनी भागलं असतं, आणि हा भागाकार त्याला येतो, कारण बैलाच्या बाबतीत तो पिढ्यान् पिढ्या तेच करत आला आहे. यात स्वस्त कापडाला हद्दपार करायचा हेतूही नाही. कलिंगडवाल्याला तीस दिवसांचंच हवं असेल तर त्यानं ते कमी पैशांत घ्यावं, फक्त ते तीस दिवसांचं आहे हे माहीत असताना घ्यावं. आणि हेच कापड घडी घालून पुढच्या लावणीला वापरायचं असेल तर चार पैसे जास्त मोजावेत. पाच रोल दोन हंगाम चालले तर एकराचा खर्च निम्मा होतो, त्यापुढं मास्टरबॅचच्या किलोभराची किंमत काहीच नाही.

दुसरा आक्षेप कारखानदारांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. दिवसांची हमी देणं शक्यच नाही, असं ते म्हणतात, कारण ऊन जागोजागी वेगळं आणि फवारण्याही वेगळ्या. फवारणीचा मुद्दा तर शंभर टक्के खरा आहे. भुरीसाठी मारलेलं गंधक आणि क्लोरिनयुक्त औषधं कापडावर बसली की त्यांतून आम्ल तयार होतं, आणि हाल्स मुळात आम्लाला दुबळं असल्यानं निकामी होतं. तांबं पॉलिप्रॉपिलीनचं विघटन वाढवतं, म्हणजे तेल्या रोगासाठी वापरलेलं, तांबं असलेलं बोर्डो मिश्रणही कापडाला मारक. डाळिंबाच्या बागेत या दोन्ही गोष्टी ठरलेल्याच. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? हमी देता येत नाही म्हणून गप्प बसायचं, की हमीबरोबर अट लिहायची? पॉलिहाउसची २०० मायक्रॉनची फिल्म याच देशात, याच उन्हात, याच शेतकऱ्याला वर्षांच्या हमीवर विकली जाते. साधारण तीन वर्षं, आणि गंधकाबद्दलची सूचना सोबत. तिथंही प्रकाशरोधकांचंच काम असतं, आणि गंधकाचा त्रासही तोच. तिथं जमतं ते इथं न जमण्याचं तांत्रिक कारण मला दिसत नाही. अतिनील दिव्याखाली कापड ठेवून ठरावीक तासांनंतर त्याची किती ताकद उरते ते मोजायची पद्धत जुनी आहे. आपल्याच राज्यात मुंबईच्या ससमिरा संस्थेला कृषिवस्त्रांचं आणि इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेला नॉन वोव्हनचं उत्कृष्टता केंद्र म्हणून केंद्र सरकारनं निवडलं आहे. यंत्रमागावर वाढलेल्या इचलकरंजीत न विणलेल्या कापडाचा अभ्यास चालतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. २०२३ मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयानं कृषिवस्त्रांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेशही काढला. लहान कारखान्यांना चाचणीचा खर्च जड जातो ही तक्रार रास्त आहे, पण तिचं उत्तर चाचणीत सवलत देणं हे आहे, चाचणीच टाळणं हे नव्हे.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. शेतात प्लास्टिक नेताच कशाला? मी या कापडाच्या धंद्यातला असूनही हा प्रश्न झटकू शकत नाही. जमीन झाकण्यासाठी उसाचं पाचट आहे, गव्हाचा भुसा आहे, आणि जिथं ते पुरतं तिथं तेच वापरावं. पण पाचट पांढऱ्या माशीला अडवत नाही. ताग किंवा सुती कापड दवानं, पाण्यानं जड होऊन रोपावर बसतं. आणि कापड नसलं तर त्या जागी फवारणीच्या फेऱ्या वाढतात, हेही हिशेबात धरायला हवं. तरी कबूल केलं पाहिजे की उन्हानं कुजलेलं क्रॉप कव्हर ही शेतातली फार वाईट गोष्ट आहे. ते काढायला गेलं की हातात भुगा येतो. ते ७३ किलोमीटर धागे तुकडे तुकडे होऊन मातीत मिसळतात, आणि मग कोणतीही चाळण ते परत काढू शकत नाही. जे कापड शेवटच्या दिवशीही अखंड उचलता येतं, ते गुंडाळता येतं, पुन्हा वापरता येतं, आणि शेवटी भंगारात घालून त्याचा पुन्हा दाणा करता येतो. म्हणून प्लास्टिकच्या विरोधात बोलणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कापड पिकापेक्षा जास्त जगलं पाहिजे, ही मागणी त्यांनी माझ्याइतक्याच जोरानं करायला हवी.

यासाठी नवं काही शोधायचं नाही. पाळी बदलताना ऑपरेटर रजिस्टरमध्ये दाण्याची लॉट, डायचं तापमान, पट्ट्याचा वेग आणि मास्टरबॅचचं प्रमाण लिहितो. बिघाड झाला तर कारण सापडावं म्हणून प्रत्येक लाइनवर ही नोंद होतेच. म्हणजे काष्टीच्या शेतकऱ्याला हवा असलेला आकडा कापड तयार झालं त्याच दिवशी कोणाच्या तरी अक्षरात कागदावर उतरलेला असतो. रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत एक चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर पन्हा असतो, लांबी असते, वजन असतं, जीएसएम असतं. त्याखाली अजून एका ओळीची जागा आहे.